पहिलं पाणी कुणाच्या दारचं

अनशी गेल्याचं कळलं तेव्हा मी वाल सोलत बसले होते. तिच्या मुलाचा, रमेशचा, मुरबाडहून फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, कधी? तर म्हणाला, "सकाळी. चहा मागितलान, मी आत गेलो, तेवढ्यात." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेले वाल सोलून संपवले. सून माझ्याकडे बघतच राहिली. आई, तुम्हाला काही वाटत नाही का, असं तिच्या तोंडावर आलं होतं. वाटलं की. पण भिजलेले वाल टाकून उठलं तर आंबतात, माणूस गेलं म्हणून ते थांबत नाहीत. नंतर हात धुवायला मोरीत गेले आणि समोर खिळ्याला अडकवलेली तिची किटली दिसली. तेव्हा मात्र माझं डोकं चालेनासं झालं. कारण त्या किटलीवरून तिनं मला एक गोष्ट सांगून ठेवली होती, आणि मी तिला धड हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं.

आता महिना उलटून गेला. मी चौथी शिकलेली बाई, लिहायची सवय नाही. पण सांगायला बसलं तर माणसं मधेच बोलतात, आणि मला हे एकदा सरळ मांडून बघायचं आहे, म्हणजे कदाचित मलाच कळेल.

अनशी माझी मैत्रीण सायडिंगवरची. सायडिंग म्हणजे गाव. आता नाही, पण होतं. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाचा उघडा माळ आहे. तिथं रुळांखाली टाकायची खडी निघायची म्हणून मोठ्या लायनीपासून एक फाटा काढून माळावर नेला होता. आधी खाणीवरच्या मजुरांचे तंबू पडले, मग कुडाच्या झोपड्या झाल्या, मग पत्रे आले. मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा एक दुकान होतं आणि एक चहावाला. दोन-तीन वर्षांत न्हावी आला, शिंपी आला, पोरांसाठी पत्र्याची शाळा झाली, पगाराच्या दिवशी डोळखांबकडच्या बायका सुकट आणि कांदे घेऊन बाजार भरवायला लागल्या. इथं पुढं स्टेशन होणार असं जो तो सांगायचा. स्टेशनाला नाव काय द्यायचं यावरून मारामारी व्हायची राहिली होती. माझे मालक खडीच्या वाघिणी भरायच्या टोळीत होते. अनशीचा नवरा सांधेवाला, म्हणजे फाट्याचे रूळ फिरवणारा, म्हणून त्यांना दगडी खोली होती. आमची झोपडी त्या खोलीला लागून. अनशी कुणब्याची, आम्ही धम्म घेतलेले. गावाकडे असतो तर आमची घरं अशी चिकटून झाली नसती. सायडिंगवर ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो राहिला.

पाणी मात्र नव्हतं. पावसात त्या माळावर पाय ठेवायला जागा नसे इतकं पाणी, आणि दिवाळी झाली की थेंब नाही. खाणीत साचलेलं पाणी पंप लावून दरीत सोडून द्यायचे, कारण खाली काम करायचं असे, आणि प्यायचं पाणी आणायचे रेल्वेनं. टाकीची वाघीण जोडलेली गाडी यायची. ती आली की शिट्टी मारायची आणि आम्ही बायका हंडे घेऊन पळायचो. कुणाच्या चुलीवर भात असेल तर तो करपायचा. सायडिंगवर करपलेला भात खाल्ला नाही असं माणूस नसेल. अनशी उंच, तिचे पाय लांब, ती सगळ्यांच्या पुढं पोचायची आणि टाकीचा पाइप धरून उभी राहायची. मी मागनं धापा टाकत जायची. ती ओरडायची, "सुमन, गो चाल की. पोटात दगड भरलेत काय?"

मग देवी झाली. सुरुंगात एक माणूस गेला, त्यानंतर मुकादम म्हणाला, या जागेला गावदेवी नाही म्हणून असं होतं. डोळखांबकडून एका भगताला आणलं. त्यानं खाणीच्या काठावरचा एक दगड निवडला, शेंदूर लावला, कोंबडं कापलं आणि सांगितलं, गाडीचं पाणी आलं की पहिली कळशी देवीला. घरागणिक पाळी लावा. ज्याची पाळी, त्याच्या दारचं पाणी, त्याच्या घरची कळशी. आता गाव झालं, तो म्हणाला. दगड बसवायचा कसा हे त्याला ठाऊक होतं. पुढं उठवायचा झाला तर कसा, हे त्याला कुणी विचारलं नाही. खाणीवरचं गाव आज ना उद्या उठणार हे शेंबड्या पोरालाही कळावं, पण तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नाही. स्टेशन होणार होतं ना.

पाळी फिरत फिरत अनशीच्या अलीकडं आली. म्हणजे माझ्या दाराशी. त्या दिवशी टाकीपाशी काय झालं ते मी कितीदा आठवून बघितलं आहे. मुकादमाची बायको म्हणाली, "त्यांच्यात देव नाय, त्यांना कशाला तरास?" आणि मी म्हणाले, "आम्हाला नकोच." पण आधी कोण बोललं... ती की मी? कधी वाटतं ती बोलली म्हणून मी तोडून टाकलं. कधी वाटतं मीच आधी मान फिरवली आणि तिनं फक्त शब्द दिले. अनशी पाइप धरून उभी होती. ती काही बोलली नाही. तिनं आपली कळशी भरली आणि देवीकडं गेली. पुढच्या फेरीला तिची स्वतःची पाळी होती तेव्हा ती परत गेली. तेव्हापासून असंच चाललं. पाळी माझ्या दाराशी आली की अनशी उठायची, आणि लगेच पुढची तिचीच. मला त्याचं काही नव्हतं. आमच्या सासऱ्यांनी घरातले देवांचे टाक पाण्यात सोडले होते आणि मी काही ते परत काढायला जाणार नव्हते. पण कळशी माझ्या दारावरून पुढं जाताना मी आत जाऊन बसायची, हेही खरं. नको असलेली वस्तूसुद्धा आपल्याला कुणी विचारून नाकारावी, असं काहीतरी असतं बहुतेक. मला नीट सांगता येत नाही.

सायडिंग उठलं ते एकदम नाही. खाली हायवेला खडीची मशीन आली, ट्रकनं खडी जायला लागली. इथला दगडही खोलात गेल्यावर भुसभुशीत लागला म्हणे. आधी शिंपी गेला. मग शाळेचे पत्रे कुणीतरी काढून नेले. पाण्याची गाडी कमी येऊ लागली, आणि एका उन्हाळ्यात आम्ही हंडे घेऊन उभ्या राहिलो ती आलीच नाही. त्यानंतर जो तो आपापल्या वाटेनं गेला. वीटभट्टीवर, आसनगावला, कुणी परत आपल्या पाड्यावर. आम्ही शहापूरला आलो. शेवटी रूळ उचलायला माणसं आली तेव्हा सांधेवाला म्हणून अनशीचा नवरा तेवढा राहिला होता. रूळच नाहीत तर सांधा कसला? मग तेही मुरबाडला गेले. तिचा नवरा तिथं लवकर वारला, मुलगा कारखान्यात लागला, घर बांधलं. सगळं ठीक झालं.

आणि इतकं ठीक झाल्यावर ही बाई महिन्यातून एकदा मंगळवार धरून मुरबाडहून एसटीनं शहापूरला यायची, माझ्याकडं चहा प्यायची, आसनगावला जायची, उंबरमाळीला उतरायची आणि वर चढून त्या दगडाला पाणी घालायची. पावसाचे महिने तेवढे सोडायची. म्हणायची, "पावसात ती आपली आपन भिजते." मी तिला तोंडावर वेडी म्हणाले आहे. तिथं माणूस नाही, कुत्रं नाही, कुणासाठी घालतेस? तर म्हणायची, "गाव उठलं नाय गो. मानसं उठली." मी म्हणाले, माणसं उठली की गावात राहतं काय? म्हणाली, "तुला नाय कळायचं, तू चौथी शिकलीस." ती शाळेत गेलीच नव्हती.

किटली तिची अशी. झाकणाची, दुधवाले वापरतात तसली, कडी असलेली. पहिल्या वेळेला ती रिकामी घेऊन आली आणि माझ्या मोरीत जाऊन नळाखाली धरली. मी म्हणाले, "मुरबाडला पाणी नाही काय तुमच्याकडं?"

"हाय की. पन तिथनं कोन वाहून आनील? जड होतं."

"आणि माझ्या नळाचं चालतं वाटतं तुझ्या देवीला?"

"पानी काय तुझं हाय? नगरपंचायतीचं हाय."

मी हसले. तीही हसली. परत येताना रिकामी किटली माझ्याकडंच ठेवून गेली, म्हणाली, हितंच अडकव, नेऊन काय करू. मी खिळा ठोकला. तेव्हापासून ती किटली त्या खिळ्यावर. माझा मुलगा कुरकुरायचा, आई, आपल्या घरातून देवाला पाणी जातं. मी म्हणायचे, आपल्या घरातून पाणी जातं, देवाला नेते ती. माझ्या दृष्टीनं हिशेब साफ होता. वर चल म्हणून तिनं मला कधी म्हटलं नाही, आणि मीही कधी गेले नाही. तिथं आता काय आहे असं विचारलं की म्हणायची, "काय बी नाय. गवत."

शेवटची आली ती नवरात्र उलटल्यावर. पाऊस सरला होता, म्हणून पावसाळ्यानंतरची तिची पहिली फेरी. पण पाय सुजलेले, दारातच बसली. मी म्हणाले, आज जाऊ नकोस. तीही म्हणाली, आज काय जमायचं नाय. चहा घेतला, बशीत ओतून, नेहमीसारखा आवाज करत. मग किटलीकडं बघून म्हणाली, "ह्या टायमाला तू घाल पानी."

मला वाटलं चेष्टा करते आहे. मी म्हणाले, "मी? मी कुठली घालते. माहीत आहे ना तुला?"

"म्हाईत हाय."

"मग रमेशला सांग. त्याच्या बायकोला सांग."

"त्यांचं दार तिथं कवा होतं? तुझं होतं." आणि मग म्हणाली, "इतकी वर्सं तुझ्या वाटची मी घातली. आता माझ्या वाटची तू घाल. सावड हाय."

सावड म्हणजे आमच्याकडं शेतात करतात ती. आज माझ्या लावणीला तू ये, उद्या तुझ्या लावणीला मी येते. चोख असतं. पण सावड दोघी ठरवून करतात. मी तिला कधी सांगितलं होतं, माझ्या वाटची घाल म्हणून? मी तेच म्हणाले. ती म्हणाली, "तू सांगितलं नाय आनि मी इचारलं नाय." एवढं बोलून पदरानं तोंड पुसलं. मी म्हणाले, बघू. ती म्हणाली, "बघू नको. घाल." माझ्या मुलानं तिला रिक्षानं एसटी स्टँडवर सोडलं. ते शेवटचं.

मी मुरबाडला गेले होते, दिवसाला. रमेशनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मावशी, आई त्या दगडाचंच बोलत होती. टेम्पो करून तो इथं उचलून आणू काय? दारात बसवू." त्याचे चुलते म्हणाले, बसवलेली देवी अशी उचलता येत नाही, उठवायचा विधी करावा लागतो. विधी कोण सांगणार? तो भगत कधीच गेला. त्याच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, बाप बसवायचाच, उठवलेली कधी बघितली नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. जशी काही मी सांगणार. रमेश म्हणाला, "आई म्हणाली, सुमनमावशी बघील." मला मनात तिचा रागच आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे मेलेली माणसं बरोबर जाणून असतात.

घरी येऊन मी मंगळवार जाऊ दिला. दुसराही जाऊ दिला. मला देवीची भीती नव्हती, ते मी सोडलं आहे आणि सोडलं ते सोडलं. पण तिचं ते वाक्य, तुझ्या वाटची मी घातली... म्हणजे त्या टाकीपाशी उभी असताना तिनं ती कळशी माझी म्हणून धरली होती? तिच्या डोक्यात माझी पाळी माझीच होती आणि ती फक्त हात लावत होती? मग तेव्हा तोंड का उघडलं नाही? सगळ्या बायकांसमोर एक शब्द बोलली असती, सुमनची पाळी आहे, तिला विचारा, तर मी नकोच म्हणाले असते आणि बाहेर उभी राहून म्हणाले असते. आत जाऊन बसले नसते. की हे सगळं तिनं म्हातारपणी जुळवलं, मला घोळात घ्यायला? ती तेवढी पोचलेली होतीच. मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी किटली काढली, नळाखाली धरली आणि निघाले. कशासाठी, हे ठरवलं नव्हतं. घरात सांगितलं, बघून येते. उंबरमाळीला उतरले. वाट आहे अजून, गुरांची. जिथं फाटा होता तिथं नुसती सरळ पट्टी दिसते, तिच्यावर गवत जरा बुटकं. दुकान कुठं होतं कळलं नाही. आमची झोपडी तर नाहीच, अनशीच्या दगडी खोलीचा एक कोपरा तेवढा उभा आहे, त्यात करवंदीची जाळी. मी तिथं उभी राहून माझं दार कुठं असेल ते शोधत होते. इथं माझी दोन बाळंतपणं झाली आणि मला चूल कुठं होती ते सांगता येईना.

पुढं गेले तर खाण. आणि खाण काठोकाठ भरलेली. हिरवं, थंड पाणी, पलीकडच्या कड्याची सावली पडलेली, कडेला कमळाची पानं. पाड्यावरच्या दोन बायका काठावर धुणं धूत होत्या. मी बघतच राहिले. ज्या जागेवर आम्ही पाण्यावाचून उठलो, तिथं एवढं पाणी. आणि देवीचा दगड त्या पाण्यापासून हात लांब केला तर पोचेल इतका जवळ.

मी त्या बायकांना विचारलं, हे उन्हाळ्यात आटतं काय? त्यातली मोठी म्हणाली, "नाय आटत. लय खोल हाय, बारा महिने असतं." मग माझ्या हातातली किटली बघून म्हणाली, "ती उंच आजी यायची, तिची काय तुमी?"

"मैत्रीण. गेली ती."

"अरेरे." तिनं पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं. "ती बी अशीच पानी घेऊन यायची वर. आमी हसायचो. म्हनायचो, आजी, एवढं पानी हाय हितं, कशाला वाहून आनता? हितलं घाला की."

"मग काय म्हणायची?"

"म्हनायची, ह्ये कुनाच्या दारचं नाय."

मी खाली बसले. चढ चढून दम लागला होता, म्हणूनच बसले. मुरबाडचं जड होतं म्हणून तिनं आणलं नाही, हे ठीक. पण इथलं तर उचलायचंही नव्हतं. हे पाणी इथं आहे, हेसुद्धा तिनं मला कधी सांगितलं नाही. गवत, म्हणाली. इतके मंगळवार माझ्या मोरीत येऊन किटली भरून नेत होती ते काय होतं मग... कुणाची पाळी चालली होती इतकी वर्षं? माझी? आणि माझी चालली होती तर तिची कोण घालत होतं? मी दगडाकडं बघितलं. शेंदूर गळून गेला आहे, खडीच्या ढिगातला कुठलाही दगड असावा तसा दगड. त्याला विचारून काही उपयोग नव्हता.

तहान लागली होती. किटलीचं झाकण काढलं आणि आधी मी प्यायले, पोटभर. मग उरलेलं त्याच्यावर ओतलं. हात जोडले नाहीत. "घे गो," एवढं तोंडातून गेलं. ते दगडाला की अनशीला, मला माहीत नाही.

निघाले तेव्हा धुणारी बाई म्हणाली, "आजी, तुमी कुटल्या?"

मी म्हणाले, "इथलीच."

"हितं तर गाव नाय."

मी रिकामी किटली उचलली. उतरताना गुडघे दुखत होते.

घरी मुलानं विचारलं, घातलंस काय पाणी? मी म्हणाले, सांडलं. किटली परत खिळ्याला अडकवली. पुढच्या मंगळवारी जाईन की नाही, सांगता येत नाही. जाऊन मी नक्की काय केलं तेच अजून माझं मला कळलेलं नाही. पण आमच्याकडं सकाळी नळ येतो तेव्हा सून आधी हंडा लावते. मी तिला म्हणते, आधी ती किटली भर. ती विचारते, कशाला? मला सांगता येत नाही. मी म्हणते, तू भर.